सुई उजव्या खांद्यात, फोटो डाव्या हाताचा

"मावशी, या हातावर एवढ्यात कोणती लस घेतली होती का?"

अकोल्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि पहिला प्रश्न हा विचारला. पडलात का, मार लागला का, जड उचललं का, हे याआधी तिघांनी विचारून झालं होतं. लशीचं कोणीच विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "घेतली ना. टायफॉईडची. दोन महिने झाले."

"कुठं टोचली ते बोटानं दाखवा."

मी डाव्या हाताचं बोट उजव्या खांद्याच्या टोकावर ठेवलं. डॉक्टरांनी ते तसंच धरून ठेवलं आणि त्याच्या खाली स्वतःची तीन बोटं आडवी लावली. "सुई इथं जायला पाहिजे होती. दंडाच्या मांसात. तुमची वर गेली, सांध्याजवळ."

मग त्यांनी फिल्मवर एक पांढरा पट्टा दाखवला. खांद्याच्या हाडाखाली एक पातळ पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. हात वर-खाली होताना हाडाचं घर्षण होऊ नये म्हणून ती असते. औषध त्या पिशवीत गेलं तर ती सुजते, तो बर्सायटिस. सूज राहिली की सांध्याभोवतीचं आवरण आवळत जातं आणि हात जागच्या जागी अडकतो, तो फ्रोझन शोल्डर. लस चुकीच्या जागी टोचल्यामुळे होणाऱ्या या सगळ्या प्रकाराला डॉक्टर लोक सिर्वा म्हणतात. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, म्हणून मीही सांगते: दोष लशीचा नाही, टोचण्याच्या जागेचा आहे.

माझं वय एकोणपन्नास होतं. मालेगावच्या बसस्टँडजवळ माझी खानावळ आहे. मालेगाव म्हणजे आमचं, वाशिम जिल्ह्यातलं. सकाळ-संध्याकाळ पोळ्या मीच लाटत होते. उजव्या हातानं.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते. रडगाणं म्हणून वाचू नका.

लस घेण्याचं कारण साधं होतं. खाण्याचा धंदा करणाऱ्यांनी टायफॉईडची लस घेतलेली असावी, असा नियम आहे. आमच्या बचत गटात बारा बायका. कोणी पापड करतं, कोणी शाळेची खिचडी शिजवतं, माझी खानावळ. गटाच्या अध्यक्ष सुनंदाबाईंनी जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयाशी बोलून समाजमंदिरात शिबिर ठरवलं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. लस फुकट नव्हती. पैसे आम्ही गटातून भरले आणि पावती गटाच्या नावानं घेतली. ही पावती लक्षात ठेवा.

सुनंदाबाई माझी तीस वर्षांपासूनची मैत्रीण. तिचा एक कायदा आहे: फोटो नाही तर कार्यक्रम झालाच नाही. प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल वर पाठवावा लागतो, त्याला फोटो जोडावे लागतात. म्हणून सगळ्यांनी गटाची साडी नेसून यायचं. मोरपंखी रंग, लाल काठ. ब्लाऊज एकाच टेलरकडून शिवलेले, कोपरापर्यंत बाही. त्यानं माप घेतलं सुनंदाचं आणि शिवले बारा. सुनंदा काडीसारखी आहे. माझा दंड वीस वर्षं पोळ्या लाटून झालेला दंड आहे. बाहीत हात घालायलाच मला पावडर लावावी लागते.

शिबिराच्या दिवशी नर्सनं आधी डावा हात मागितला. डाव्या खांद्यावर पदर, पदराच्या निऱ्या घालून पिन लावलेली. फोटो व्हायचा होता, म्हणून मी म्हटलं पिन काढत नाही, उजव्यावर दे. उजव्या हाताची बाही तिनं वर सारून पाहिली, ती दोन बोटंही सरकेना. समाजमंदिर भरलेलं. पुरुषमंडळी खुर्च्या लावत होती. ब्लाऊज काढायचा प्रश्नच नव्हता. मग तिनं सगळेच करतात ते केलं. वरचं हुक काढायला लावलं, ब्लाऊजचा गळा खांद्यावरून खाली ओढला आणि जेवढा खांदा उघडा झाला तेवढ्यात सुई दिली. उघडा झाला होता तो फक्त वरचा भाग.

तेव्हा सुनंदानंच माझा हात धरला होता. "डोळे कायले मिटते व मंदे? पोळीचा तवा हातानं उचलते अन् सुईले भेते!"

नंतर फोटो. बॅनर दुसऱ्या भिंतीला होतं. फोटोवाल्यानं मला बॅनरखालच्या खुर्चीत बसवलं. नर्सला सांगितलं, सिरिंज धरून इकडं डाव्या बाजूला उभी राहा, नाहीतर बॅनरवरचे साहेब झाकले जातात. तिनं टोपण लावलेली सिरिंज माझ्या डाव्या बाहीवर टेकवली. मी हसले. फोटो छान आला. गटाच्या व्हॉट्सॲपवर गेला, अहवालात गेला, आणि अकरा अंगठ्यांनी मला शाबासकी दिली.

त्याच संध्याकाळी खांदा ठणकायला लागला. लस घेतली की दुखतंच, असं सगळेच म्हणतात. दोन दिवस दुखतंच. माझं चौथ्या दिवशी वाढलं. ब्लाऊजच्या आत खांद्याच्या शिवणीजवळ रक्ताचा लहानसा डाग पडला होता. तो मी साबण लावून, चांगला घासून काढला. पुढं वकिलांनी विचारलं, काही खूण होती का? होती. मीच धुतली.

आठव्या दिवशी लाटणं हातातून सुटलं. पोळपाटावर हात पुढं नेला की खांद्यात कोणी सळई फिरवतंय असं व्हायचं. अंबाडा घालता येईना. वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. डोक्यावर पदर घ्यायचा तर डाव्या हातानं ओढून घ्यायचा. त्या कुशीवर झोपणं संपलं.

मग मी त्या सगळ्या चुका केल्या ज्या तुम्ही करू नका. गावातल्या डॉक्टरकडून दुखणं थांबवायच्या गोळ्या घेतल्या आणि काम चालू ठेवलं. एका चोळणाऱ्या बाईला बोलावलं. ती म्हणाली, "शीर चढली बाई, उतरून देतो." तिनं गरम तेलानं खांदा असा रगडला की दुसऱ्या दिवशी मला ताट उचलता येईना. तिसरा भेटला तो पुन्हा डॉक्टर, तो म्हणाला, या वयात बायकांचे खांदे धरतातच. हे वाक्य पुढं दोन वर्षं माझ्या मागं लागणार होतं.

शेवटी नवरा म्हणाला, "अकोल्याले जाऊ." ते एस.टी.त मेकॅनिक आहेत. बिघडलेली वस्तू उघडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एमआरआय म्हणजे माणूस न उघडता आत पाहायचं यंत्र, हे त्यांना फार आवडलं. त्या नळकांड्यात अर्धा तास हलायचं नसतं. माझा खांदा आडवं पडल्यावरच जास्त दुखतो. आत आवाज असा, जणू पत्र्यावर कोणी हातोडा मारतंय. मी पोळ्या मोजल्या. मनातल्या मनात साठ लाटून झाल्या तेव्हा बाहेर काढलं.

उपचार सांगते. साखरेची तपासणी आधी झाली, कारण साखर असलेल्यांचे खांदे लवकर आवळतात. मला साखर नव्हती. हा कागद जपून ठेवला. मग सांध्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन. स्टेरॉईड म्हणजे सूज उतरवणारं जोरकस औषध. त्याच खांद्यात पुन्हा सुई म्हटल्यावर मी खुर्ची मागं सरकवली. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई कुठं चालली ते मला दाखवत दाखवत दिली. तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. एवढं पाहून देता येतं, तर.

नंतर फिजिओथेरपी. भिंतीवर बोटांनी चढत जायचं, मुंगीसारखं. रोज कुठवर पोचलो तिथं पेन्सिलीची खूण करायची. दाराच्या चौकटीला दोरी-पुली बांधायची, चांगल्या हातानं वाईट हात वर ओढायचा. पुली नवऱ्यानं डेपोतल्या भंगारातून आणून बसवली. पहिल्या महिन्यात खुणा एकावर एकच पडल्या. तीन महिन्यांनी त्या कपाळाइतक्या वर गेल्या आणि तिथं थांबल्या. आजही तिथंच आहेत.

पोळ्यांसाठी बाई ठेवावी लागली. तिच्या पोळ्या जाड. गिऱ्हाईक तोंडावर सांगतं, "मावशी, आता भाकरी करून राह्यले का?" काही जणं यायची बंद झाली. मी गल्ल्यावर बसून दुसरीला लाटताना पाहायची. ज्या बाईला दिवसभर हात चालवायची सवय आहे तिला खुर्चीत बसवणं म्हणजे काय, ते बसल्यावर कळतं.

मी रुग्णालयात गेले. भांडायला नाही, एमआरआय दाखवायला. व्यवस्थापकानं फिल्म उलटी धरली आणि म्हणाला, "आम्ही त्या दिवशी बारा जणींना दिली. बाकी अकरा ठीक आहेत. मग लशीत दोष कसा?"

मी म्हटलं, "लशीत नाई. जागेत."

"ते तुम्ही सिद्ध करा."

म्हणून मी वाशिमला इंगोले वकिलांकडे गेले.

वकिलांनी आधी काय नाही ते सांगितलं. काही देशांत म्हणे लशीनंतर इजा झाली की सरकारकडे अर्ज करता येतो आणि भरपाई मिळते. आपल्याकडे तशी सोय नाही. लसीकरणानंतरच्या त्रासाची आरोग्य खात्याकडे नोंद करता येते. ती पहिल्याच आठवड्यात करायची असते, मी तीन महिन्यांनी केली. लस सरकारी आणि फुकट असती तर ग्राहक आयोगाचं दारही कठीण झालं असतं. पैसे भरले होते, म्हणून ते दार उघडं होतं. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आणि नुसतं "यांच्यामुळे दुखतं" म्हणून चालत नाही, तज्ज्ञ डॉक्टरांचं लेखी मत लागतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी ते दिलं. एका डॉक्टरनं दुसऱ्या रुग्णालयाविरुद्ध कागदावर सही करणं सोपं नसतं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

"फोटो वगैरे काही आहे का शिबिराचा?" वकिलांनी विचारलं.

मी मोबाइल काढला. आहे ना, छान आहे. नर्स आहे, बॅनर आहे, मी आहे. वकिलांकडं गर्दी होती. त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं, आणि शिबिर झाल्याचा पुरावा म्हणून फोटो तक्रारीला जोडला. माझंच हसतं तोंड.

सहा महिन्यांनी रुग्णालयाचं उत्तर आलं. चार मुद्दे होते. एक, पावती गटाच्या नावानं आहे, ही बाई आमची ग्राहकच नाही. दोन, या वयात बायकांचे खांदे धरतात. तीन, ही वीस वर्षं पोळ्या लाटते, खांदा त्यानं गेला. चार, तक्रारदारानं स्वतःच जोडलेल्या फोटोत सुई डाव्या हातावर दिसते आणि इजा उजव्या खांद्याला आहे.

इंगोले वकिलांनी चौथा मुद्दा दोनदा वाचला. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मंदाताई, हे काय?"

मी सांगितलं. फोटो नंतर काढला. पोज होती.

"म्हणजे खोटा फोटो?"

"फोटो खरा हाये. सुई खोटी."

त्यांना हसू आलं नाही. लशीच्या कार्डावर कोणत्या हातावर दिली तो रकाना रिकामा होता. नर्स नोकरी सोडून गेली होती, पत्ता मिळेना. माझ्या उजव्या हाताचा पुरावा म्हणजे माझं बोलणं आणि डाव्या हाताचा पुरावा म्हणजे मीच दिलेला फोटो. वकील म्हणाले, "फोटो खरा म्हटलात तर केस गेली. खोटा म्हटलात तर खोटा पुरावा देणारी बाई म्हणून तुमच्या बाकीच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? ज्यानं पाहिलं त्याचं प्रतिज्ञापत्र आणा."

जवळून पाहणारी एकच होती. हात धरून उभी होती.

सुनंदाच्या घरी गेले तेव्हा ती मुगाच्या वड्या घालत होती. मी सगळं सांगितलं. तिनं हात थांबवला नाही.

"फोटो पोजचा होता असं मी लिहून देऊ?"

"खरं थेच हाये ना."

"अवं, खरं हाये म्हणूनच तर लिहू शकत नाई. मंदे, गटाचा कोणता फोटो पोजचा नाई थे सांग. झाडं लावली तो खड्डा एकच हाये, चार वर्षांपासून. दरसाल आपण थ्याच खड्ड्यात रोप धरतो अन् फोटो झाला का रोप बाजूले ठेवतो. शिलाई मशीनच्या प्रशिक्षणात तुले तरी मशीन चालवता येत होती का? एक फोटो खोटा म्हटला का सारेच उकरतीन."

मला त्या खड्ड्याचं हसू आलं. तिलाही आलं असतं, पण तिनं आवरलं.

"तुह्या एका खांद्यापायी बारा जणींले उघडं पाडून राह्यली तू," ती म्हणाली. "त्या रुग्णालयानं पुढचं शिबिर बी देतो म्हटलं होतं."

मी उठले. दारातून म्हटलं, "उघडा खांदा माहाच पडला होता, सुनंदे. तुह्यापुढं."

ती वड्या घालत राहिली. प्रतिज्ञापत्र मिळालं नाही. गटाच्या बैठकीत माझ्याशेजारची जागा रिकामी राहू लागली. बायका रस्त्यात भेटल्या की खांद्याची चौकशी करायच्या, केसची कोणीच नाही.

त्यानंतरचं दीड वर्ष म्हणजे तारखा. सकाळची बस, वाशिम, आयोगाबाहेरचा बाक. शेजारी कधी जळालेल्या मोटरपंपवाला, कधी न उगवलेल्या बियाण्यावाला. प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. माझ्या पिशवीत एमआरआयची फिल्म आणि तो मोरपंखी ब्लाऊज. ब्लाऊज कशाला, वकील विचारायचे. मी म्हणायची, राहू द्या. डाग धुतला होता, पण गळ्याची शिवण उजव्या बाजूनं उसवली होती. ती मी मुद्दाम शिवली नव्हती.

बाक कठीण आणि भिंतीला लागून. तिथं बसलं की आवळलेला खांदा आणखी आवळतो. पुकारा झाला की आत जायचं, समोरचे वकील मुदत मागायचे, पुढची तारीख मिळायची, बाहेर यायचं. केस मागं घ्यावी असं मला कितीदा वाटलं. पण मागं घेतली तर कागदावर राहिलं असतं की, बाईच्या डाव्या हातावर सुई दिली आणि बाई उजव्याचं खोटं बोलली. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. हातासारखंच. एका उंचीपर्यंत जातो, मग अडतो.

नवऱ्याला एकदा म्हटलं, कंटाळा आला. ते म्हणाले, "अर्धं इंजिन खोलून ठेवलं अन् आता म्हणते बंद कर? बंद केल्यावर नट कोण मोजीन?" ही त्यांची सांत्वनाची पद्धत.

युक्तिवादाच्या दिवशी सकाळी मी वकिलांना सांगून टाकलं, मी खरं बोलणार. ते म्हणाले, आधी मला बोलू द्या. पावतीचा मुद्दा त्यांनी चांगला हाताळला. ज्याच्यासाठी पैसे भरले आणि ज्यानं सेवा घेतली तोही ग्राहकच. साखरेचा कागद दाखवला. शिबिराआधीच्या वीस वर्षांत खांद्याची एकही तक्रार नाही, आणि दुखणं त्याच संध्याकाळी सुरू झालं, हे मांडलं. मग समोरच्या वकिलांनी फोटो वर धरला. मोठा करून आणला होता, रंगीत.

"हा फोटो कोणी दाखल केला? तक्रारदारानं. सुई कोणत्या हातावर आहे? डाव्या. आमचं म्हणणं संपलं."

आयोगावर अध्यक्ष होते आणि एक महिला सदस्य. अध्यक्षांनी मला विचारलं, "बाई, हा फोटो तुमचा आहे?"

मी उभी राहिले. "हो साहेब. सुई दिल्यावर काढला. टोपण लावून धरली होती. अहवालासाठी लागतो म्हणून आम्ही असा काढतो. हे आमचं चुकलं."

समोरचे वकील हसले. "पाहा साहेब, आता स्वतःचाच पुरावा खोटा म्हणतात."

महिला सदस्य पुढं वाकल्या. त्यांनी फोटो मागून घेतला आणि चष्म्याजवळ धरला. त्यांनी स्वतः सुती साडी नेसली होती, पदराला पिन होती.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "हिच्या पदराची पिन पाहा. लागलेली आहे. निऱ्या जशाच्या तशा आहेत. बाही कोपरापर्यंत खाली आहे. पदर, बाही, सगळं जागेवर असताना डाव्या हाताला सुई दिली कुठून? कापडावरून?"

त्यांनी फोटो अध्यक्षांपुढं धरला.

"आणि उजव्या बाजूला," त्या म्हणाल्या, "वरचं हुक सुटलेलं आहे."

दोन वर्षं हा फोटो माझे वकील पाहत होते, त्यांचे वकील पाहत होते, अकोल्याच्या डॉक्टरांनीही पाहिला होता. सगळ्यांनी सुई पाहिली. पिन कोणी पाहिली नाही. मी रोज साडी नेसणारी बाई, मलाही दिसली नाही. मी त्यात फक्त माझं हसणं पाहत होते.

मी पिशवीतून ब्लाऊज काढला. भर सभागृहात पुरुषांपुढं ब्लाऊज दाखवायचा म्हणून क्षणभर हात अडला. मग टेबलावर ठेवला. बाही किती अरुंद आहे ते दाखवलं आणि उसवलेली शिवण दाखवली. अध्यक्ष खिडकीकडं पाहू लागले. महिला सदस्यांनी बाहीत आपला हात घालून पाहिला. कोपराच्या वर गेला नाही.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या.

निकाल माझ्या बाजूनं लागला, पण मागितलं त्यापेक्षा कमी मिळालं. खांद्याला थोडं वय आणि थोडं काम यांचाही हातभार असू शकतो, असं त्यात लिहिलं आहे. मला ते पटलं नाही. रुग्णालयानं वर अपील केलं आहे. हातात अजून काही पडलेलं नाही. नवी तारीख, नवं गाव, नवा बाक. पण निकालपत्रात एक ओळ आहे: लस उजव्या खांद्यात, योग्य जागेपेक्षा वर दिली गेली. ती ओळ आता कोणाला पुसता येणार नाही. मी ती लॅमिनेट करून घेतली आहे.

निकालात फोटोचाही उल्लेख आला आणि तो गावभर झाला. गटाचे अहवाल जिथं जातात त्या वरच्या कार्यालयाकडून विचारणा आली. सुनंदाला दोनदा वाशिमला जावं लागलं. खड्ड्याचं मात्र कोणी विचारलं नाही. चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. मीही गेले नाही. मी चुकले नव्हते, आणि तिचं नुकसान झालं होतं, या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

मग यंदा ती खानावळीत आली. दुपारची गर्दी ओसरली होती. एक पोळी मोडून तोंडात टाकली.

"जाड हाये."

"माहीत हाये."

"गुरुवारी शिबिर हाये. धनुर्वाताची लस. दुसरा दवाखाना." ती पाणी प्यायली. "पडदा शिवला. दोन दांडीचा. आत बाई हात ब्लाऊजमधून बाहेर काढू शकते. पण नर्स कुठं टोचते थे पाहाले कोणी पायजे ना व. मले थे बोटांचं समजत नाई. तू येते का?"

मी म्हटलं, "गटाची साडी नेसून येऊ का?"

"नेस नाईतर गाऊनवर ये. माही काई हरकत नाई."

गुरुवारी मी पडद्यामागं उभी राहिले. खांद्याचं टोक चाचपायचं, त्याच्या खाली तीन बोटं आडवी लावायची, तिथं. नर्स तरुण होती. पहिल्या दोन बायकांना ती वैतागली, "मावशी, मला शिकवलंय." मी म्हटलं, शिकवलंय तर माझी बोटं तुला आडवी येणार नाहीत. तिसऱ्या बाईपासून ती स्वतःच बोटं लावू लागली. फोटोवाला आत डोकावला तेव्हा सुनंदानं त्याला बाहेरूनच ओढलं. "पडद्याचा काढ फोटो. बाहेरून."

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. लस घ्या. सैल बाहीचे कपडे घालून जा, नाहीतर आडोसा मागा, लाजू नका. कार्डावर हात डावा की उजवा ते लिहून घ्या. पावती स्वतःच्या नावानं घ्या. दुखणं दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही आणि हात वर जाईना, तर चोळू नका, डॉक्टरांना लशीचं सांगा. आणि एकही कागद टाकू नका, डागसुद्धा धुऊ नका.

ज्यांचे उपकार आहेत ते: अकोल्याचे डॉक्टर, ज्यांनी प्रश्न विचारला. माझे वकील, ज्यांनी मला बोलू दिलं. आयोगावरच्या त्या बाई, ज्यांचं नावही मी नीट विचारलं नाही. आणि नवऱ्यानं बसवलेली पुली, जी अजून दाराला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागते.

सगळ्यात शेवटी माझी पाळी आली. अकरा जणी बाहेर चहा पीत होत्या. खुर्चीत बसले आणि डाव्या खांद्याकडं हात नेला. उजवा हात आडवा तिथवर पोचत नाही. पिन काढता येईना. सुनंदा आत आली, पिन काढली, स्वतःच्या पदराला लावून ठेवली आणि माझा डावा हात बाहीतून बाहेर काढला.

नर्सनं तीन बोटं लावली. मी वाकून पाहिलं. बरोबर होती.

"दे," मी म्हटलं. या वेळी डोळे उघडे ठेवले.